मुलगा आहे म्हणून श्वास जड जातो का?

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या विभागात मी डॉक्टर आहे. काचेच्या पेटीत मुलगा असेल तर घरचं कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन हळूच विचारतंच: 'डॉक्टर, मुलगा आहे म्हणून त्याला जास्त त्रास होतोय का? मुलीची जात चिवट असते म्हणतात.' तिथे उभ्या उभ्या याचं उत्तर अर्धवटच दिलं जातं. तुम्हीही हेच विचारलंत म्हणून आज सवडीने लिहिते.

फरक आहे, खरंच आहे. पोटात तेवढेच आठवडे काढलेले मुलगा आणि मुलगी शेजारशेजारच्या पेट्यांत असतील, तर श्वासाचा त्रास मुलाला होण्याची शक्यता जास्त. ऑक्सिजन लवकर सुटत नाही असा फुप्फुसांचा जुनाट आजारही मुलांमध्येच अधिक दिसतो. पण हे चिवटपणावर ढकलून चालणार नाही. पोटात असतानाच मुलींची फुप्फुसं साधारण आठवडाभर आधी तयार होतात, कधी त्याहूनही थोडी आधी.

तयार होतात म्हणजे काय? फुप्फुसातले बारीक वायुकोश आतून ओले असतात. श्वास सोडला की त्यांच्या भिंती ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारख्या एकमेकींना चिकटू पाहतात. तसं होऊ नये म्हणून फुप्फुसातल्या काही पेशी सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ बनवतात. गर्भात तो साधारण २४व्या आठवड्याच्या सुमारास बनू लागतो आणि पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. तो कमी असलेलं बाळ लांबूनही ओळखू येतं. नाकपुड्या फुलतात, प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा बारीक आवाज येतो. बघणाऱ्याला वाटतं, बाळाला दुखतंय. खरं तर ते घसा अर्धवट मिटून थोडी हवा आत अडवून ठेवत असतं, म्हणजे कोश मिटणार नाहीत. नाकाला लावलेलं सीपॅप यंत्र तेच काम करतं, फक्त बाळाला न दमवता.

आता मुलगाच मागे का? मुलाच्या गर्भात वृषणं अगदी लवकर, पहिल्या तीन महिन्यांतच टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनवू लागतात. सर्फॅक्टंट बनवणाऱ्या पेशींना 'आता कामाला लागा' हा निरोप शेजारच्या पेशींकडून मिळतो आणि पुरुषी हार्मोनमुळे तो निरोप उशिरा पोचतो. १९८०च्या दशकात सशांच्या गर्भांवर हे तपासलं गेलं. मादी गर्भांना पुरुषी हार्मोन मिळालं तेव्हा त्यांची आघाडी गेली, आणि त्या हार्मोनला अडवणारं औषध दिलं तेव्हा नर-मादीतला फरकच उरला नाही. इतकं नेटकं उत्तर वैद्यकात क्वचित मिळतं. शिवाय मुलांच्या श्वासनलिका फुप्फुसाच्या मानाने अरुंद असतात, त्यामुळे पूर्ण दिवसांचे मुलगेसुद्धा पहिल्या एक-दोन वर्षांत सर्दी-विषाणूंनी जास्त घरघरतात. (वयात आल्यावर पारडं फिरतं. बालपणी दमा मुलग्यांना जास्त, मोठेपणी बायकांना.)

पण हा फरक केवढा, ते कुणी विचारत नाही. २००८ साली २२ ते २५ आठवड्यांच्या बाळांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलगी असणं, एकटं असणं म्हणजे जुळं नसणं, वजन १०० ग्रॅम जास्त असणं आणि आईला प्रसूतीआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालेलं असणं, यांतल्या प्रत्येक गोष्टीचा फायदा पोटात साधारण एक आठवडा जास्त राहण्याएवढा निघाला. यांतल्या तीन गोष्टी आपल्या हातात नाहीत. इंजेक्शन आहे. न्यूझीलंडचे डॉक्टर लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२मध्ये त्याचा उपयोग दाखवून दिला. बाळंतपण लवकर होणार अशी चिन्हं दिसताच ते वेळेवर मिळालं की मुलगा असो वा मुलगी, फुप्फुसांची तयारी लवकर होते.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक १९६३ साली साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि श्वासाच्या याच त्रासामुळे दोन दिवसही जगला नाही. तो मुलगा होता हे खरं, पण त्याच्या आड आला तो काळ. सर्फॅक्टंटच्या अभावामुळे हा त्रास होतो हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या संशोधकांनी १९५९मध्येच दाखवलं होतं, तरी बाळाच्या फुप्फुसात बाहेरून सर्फॅक्टंट सोडून यश मिळाल्याचं डॉक्टर फुजिवारा यांनी जपानमधून कळवलं ते १९८०मध्ये. आज त्या आठवड्यांचं बाळ बहुतेक वेळा घरी जातं.

म्हणून मला विचारायचंच असेल तर हे विचारा: किती आठवडे भरले होते, वजन किती, इंजेक्शन मिळालं होतं का, ऑक्सिजन कालच्यापेक्षा कमी लागतोय का. मुलगी असेल तरी हेच विचारा. 'मुलगी आहे, निभावेल' असं म्हणून निर्धास्त झालेले नातेवाईक पाहिले की मला मुलाच्या घरच्यांपेक्षा त्यांचीच जास्त काळजी वाटते. २६ आठवड्यांच्या मुलीपेक्षा ३० आठवड्यांच्या मुलाची फुप्फुसं कितीतरी पुढे असतात.