कोजागिरीचं ब्रिज आणि चिठ्ठीतला पार्टनर

कोजागिरी जवळ आली की सांगलीत बाकीच्यांना मसाला दूध आठवतं आणि आमच्या ब्रिज मंडळातल्या, म्हणजे दोघा-दोघांच्या जोड्यांनी खेळायच्या त्या पत्त्यांच्या खेळातल्या, लोकांना धडकी भरते की यंदा चिठ्ठीत पार्टनर कोण येणार. वर्षभर आपापल्या ठरलेल्या जोडीदाराबरोबर खेळायचं, भांडायचं, पण कोजागिरीच्या रात्री मात्र दोन डबे, एकात जुन्या खेळाडूंच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात नव्यांच्या, दोन्हीतून एकेक काढायची आणि ती जोडी पहाटेपर्यंत पक्की. हा नियम नक्की कोणी काढला ते विचारू नका, त्याचं श्रेय घेणारे निदान चार जण आहेत आणि चौघंही आमचे मित्र.

खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या लोकांना ब्रिज त्या रात्रींनीच शिकवलं. रविवारचा क्लास होता, नाही असं नाही. रिटायर्ड गणिताचे सर फळ्यावर लिहायचे, एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक, दोघांचे मिळून पंचवीस-सव्वीस पॉइंट झाले की गेम, म्हणजे बोनस देणारी मोठी बोली, बोला, आणि समोर मेंढीकोट आणि तीनशेचार खेळून आलेली मंडळी माना डोलवायची. पण फळ्यावर कळलेलं टेबलावर बसलं की उडून जातं. चिठ्ठीने सरांसमोर बसवलं की मग उडत नाही, कारण सर खेळ चालू असताना एक अक्षर बोलायचे नाहीत, फक्त चष्म्यावरून बघायचे.

त्या रात्री दारातच हातात एक चार पानी पत्रक मिळायचं. आधी सायक्लोस्टाइल, नंतर झेरॉक्स, आता पीडीएफ, जी कोणी उघडत नाही. बातम्या अशा की कोणाला नातू झाला, कोण मुलाकडे अमेरिकेला गेलं, कोल्हापूर नाहीतर बेळगावच्या स्पर्धेला आपल्या किती जोड्या गेल्या. कितवे आले ते पहिल्या पाचात आले असतील तरच छापायचं असा अलिखित नियम होता. मागच्या पानावर टिपा. त्यातली एक मला अजून पाठ आहे, 'डमी खाली आला की आधी घोटभर पाणी प्या.' (बोली जिंकणाऱ्याच्या पार्टनरची पानं टेबलावर उघडी मांडतात, ती डमी.) हसायचो आम्ही, पण त्या टिपेत सगळं आलं. पहिलं पान टाकायच्या आधी थांबा, हात मोजा, किती नक्की आहेत, किती कमी पडतात, ते कुठून आणायचे, मगच डमीच्या पानाला हात लावा. हळदीचे व्यापारी असलेले एक काका तर खरंच तांब्या घेऊन बसायचे आणि अवघड डावाला इतकं पाणी प्यायचे की पुढच्या राउंडला त्यांची वाट बघत बसायला लागायची. दुसरी टीप, आठ असतील तर फिनेस, नऊ असतील तर ठोक. म्हणजे दोन्ही हातांत मिळून एका रंगाची आठ पानं असली आणि राणी बाहेर असेल तर फिनेस करा, म्हणजे राणी आपल्या आधी खेळणाऱ्याकडे आहे असं धरून तिच्याहून लहान पानानेच हात घ्यायला बघा, नऊ असली तर एक्का-राजा वाजवा, राणी बहुतेक पडतेच. बहुतेक. नाही पडली तर पत्रकाच्या संपादकांना जाब विचारायला लोक टेबल सोडून उठायचे.

टेबलं मांडण्याचा गोंधळ हा स्वतंत्र विषय आहे. समोरासमोर बसलेल्यांची एक जोडी उत्तर-दक्षिण, दुसरी पूर्व-पश्चिम; उत्तर-दक्षिण जोड्या बसून राहणार, पूर्व-पश्चिम जोड्या पुढच्या टेबलावर जाणार आणि बोर्ड, म्हणजे वाटलेले पत्ते जसेच्या तसे ठेवायचे ट्रे, मागच्या टेबलावर सरकणार, इतकं सोपं. टेबलं विषम असली की सगळं सुरळीत, सम असली की अर्ध्या वाटेत पूर्व-पश्चिमवाल्यांनी एक टेबल सोडून उडी मारायची, नाहीतर खेळलेलेच बोर्ड परत समोर येतात. ती उडी दरवर्षी कोणीतरी विसरणार म्हणजे विसरणार, मग 'अहो हे पत्ते मघाशी बघितलेत की ओ!' अशी आरोळी आणि सेक्रेटरीकाका कपाळाला हात लावून धावत येणार.

आणि बिडिंग बॉक्स, म्हणजे बोलीच्या कार्डांचे डबे, यायच्या आधीची बोली! तेव्हा तोंडाने बोलायचं. साधा पास सुद्धा किती प्रकारे म्हणता येतो ते आमच्याकडे ऐकायला पाहिजे होतं, 'पास' म्हणजे काही नाही, 'पाऽऽस' म्हणजे थोडं आहे, आणि 'बरं, पास' म्हणजे तू काहीतरी बोल की बाबा. एक नवरा-बायको होते, चिठ्ठीत चुकून दोघं एकत्र आले त्या वर्षी वहिनींचा 'एक बदाम' ऐकून सगळ्या हॉलला कळलं की घरी काहीतरी बिनसलंय. बॉक्स आले, कार्डं काढून ठेवायची पद्धत आली, खेळ स्वच्छ झाला हे मान्य, पण करमणूक निम्मी गेली.

आता तो डाव सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय आमच्या मंडळाची आठवण पूर्ण होतच नाही. इंजिनिअरिंगची एक पोरगी नवीन आली होती, क्लासला जेमतेम महिनाभर बसलेली, आणि चिठ्ठीत तिला नेमके सर आले. ती माझ्या उजव्या हाताला, सर डाव्या हाताला, मी तीन नो ट्रंप खेळतोय, म्हणजे हुकूम नाही आणि तेरातले नऊ हात करायचे. सरांनी इस्पिकची छक्की उतारली. डमीत इस्पिकची राणी, दश्शी, तिर्री. माझ्याकडे पंजी आणि चव्वी, म्हणजे त्या रंगात रामभरोसे. मी डमीतून तिर्री टाकली आणि एक्का पडायची वाट बघत बसलो, कारण तिसऱ्या हाताने मोठं पान टाकायचं हे सगळ्यांना पहिल्या दिवशी शिकवतात. पोरगी थांबली. ओठ हलताना दिसले, काहीतरी मोजत होती. आणि शांतपणे सत्ती टाकली!

झालं काय, तर त्याच रात्रीच्या पत्रकात अकराचा नियम आला होता. पार्टनरने आपल्या रंगातलं चौथं मोठं पान उतारलं असं धरायचं, त्या पानाचा आकडा अकरातून वजा करायचा, जे उरेल तितकीच त्याहून मोठी पानं बाकीच्या तीन हातांत मिळून असतात. अकरातून सहा गेले, पाच. डमीत दोन दिसतायत, राणी आणि दश्शी. तिच्या स्वतःच्या हातात एक्का, नव्वी, सत्ती, तीन. झाले पाच. म्हणजे माझ्याकडे छक्कीच्या वरचं एकही पान नाही, मग एक्का कशाला खर्च करायचा? सत्तीने हात घेतला, मग एक्का वाजवला, त्यावर डमीची दश्शी गेली, मग नव्वी खेळली, ती सरांनी राजाने घेतली आणि राणी खाली आली, वर सरांचे गुलाम आणि अठ्ठी. पाच हात गेले, माझे आठ राहिले, एक डाऊन. बाकी प्रत्येक टेबलावर तिसऱ्या हाताने इमानदारीत एक्का टाकला होता, त्यामुळे डमीला इस्पिकचा एक हात मिळाला आणि नऊ हात झाले. तेच पत्ते, तोच कॉन्ट्रॅक्ट, सगळे प्लस चारशे आणि आम्ही एकटे मायनस पन्नास. डुप्लिकेट ब्रिजची गंमत हीच आहे, पत्ते वाईट आले म्हणून रडायची सोयच नाही, तुमचेच पत्ते बाकीच्यांनी पण खेळलेले असतात.

सर काही बोलले नाहीत. बारा वाजता सगळे दुधाला गच्चीवर गेलो, मोठ्या पातेल्यात केशर-चारोळीचं दूध, शेजारी भडंगाची परात, आणि सर पेला हातात घेऊन त्या पोरीला म्हणाले, 'नव्वी का नाही टाकलीस?' ती म्हणाली, 'सर, सत्ती पुरत होती की.' सर इतके हसलेले मी त्याआधी बघितले नव्हते. मग गच्चीवर जी चिरफाड सुरू झाली, एकेक डाव पेन्सिलने भडंगाच्या कागदी पिशवीवर काढून, की दूध गार झालं आणि दुसरा सेशन लेट सुरू झाला.

2018 ची कोजागिरी वेगळीच होती. त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये ब्रिज पहिल्यांदाच आलं आणि प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीचं गोल्ड आणलं, बर्धन साठ वर्षांचे, सरकार छप्पन्न. ज्या घरांत 'पत्ते कुटायला चाललात का' असं ऐकायला मिळायचं तिथूनच पेढे आले. हॉलमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत, नव्यांच्या डब्यात चिठ्ठ्या मावेनात. अर्थात पुढच्या वर्षी त्यातले निम्मे गायब, पण राहिले ते चांगले खेळतायत.

2019 ला तर स्पर्धा होणारच नाही असं वाटलं होतं. ऑगस्टच्या महापुरात गावभागातल्या आमच्या हॉलमध्ये पाणी शिरलं, टेबलांची हिरवी कापडं, पत्त्यांचे जोड, जुन्या निकालांच्या फायली, सगळा चिखल. प्लॅस्टिकचे बोर्ड तेवढे धुऊन निघाले. ऑक्टोबरमध्ये एकाच्या गच्चीवर चटया टाकून खेळलो, मांडी घालून, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी मंगल कार्यालयातून चार टेबलं उसनी आणली. त्या वर्षी वाऱ्याने पत्ते उडू नयेत म्हणून डमीच्या पानांवर सुपाऱ्या ठेवल्या होत्या.

मग लॉकडाऊन, ब्रिज बेस ऑनलाइन या वेबसाइटवर खेळणं, घरोघरी आपापलं दूध. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. खेळ झाला, चिरफाड झाली नाही, आणि चिरफाड नसेल तर ब्रिज म्हणजे नुसती मजुरी असं माझं मत आहे. तेव्हा एक मात्र चांगलं झालं, ती सत्तीवाली पोरगी आता बेंगळुरूला असते, ती पण तिथून खेळली.

यंदाही ती येतेय, रजा टाकलीय म्हणे, आणि तिचं नाव जुन्यांच्या डब्यात टाकायचं की नव्यांच्या यावर गेला आठवडाभर ग्रुपवर नुसता धुरळा उडालाय. सर म्हणतात जुन्यांच्या. सेक्रेटरीकाका म्हणतात आधी दूध किती लिटर सांगायचं ते सांगा, मागच्या वेळी कमी पडलं होतं.