तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीतली पेटी

"काकू, कच्छच्या रणात जायचंय. तुमच्या गाडीतल्या प्रथमोपचाराच्या पेटीत काय काय असतं, तेवढं लिहून पाठवा ना." दिवाळी जवळ आली की दांडिया बाजारातून असे चार तरी फोन येतात. 2021 साली तिथलं हडप्पाकालीन शहर धोलावीरा जागतिक वारसा यादीत आलं, तेव्हापासून बडोद्याहून जो तो तिकडेच निघतो. यादी मी पाठवते, आणि विचारते, यातलं काय काय वापरून पाहिलंयत? मग पलीकडे शांतता.

माझीही पेटी पाच वर्षं सील न तोडता डिकीत फिरत होती. लेकीने मागे लागून 16 तासांच्या शिबिराला पाठवलं. डॉक्टर तासाहून जास्त लांब असेल तर तोवर काय करायचं, एवढाच विषय. पहिल्या सरावात नाटक असं, की गाडी कलंडलीय आणि दोघे जखमी आहेत. एक जण 'आई गं' करून ओरडत होता, गुडघ्याला लाल रंग. मी गाडीतून उतरून धावले, पट्टीही अगदी सुरेख बांधली. वर बघते तर सर माझ्याच गाडीला टेकून उभे. "हँडब्रेक ओढला नाहीत. आणि बाभळीखालचा तो गप्प होता ना, तो गेला." ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, हे काय मला कळत नव्हतं? पण पाय आवाजाकडेच गेले. दुपारी तो 'गेलेला' पोरगा माझ्याशेजारी बसून सेव-उसळ खात होता, तरी मला घास जाईना.

कच्छात फुरसं फार, म्हणून सापाचा तास लांबला. सगळ्यांना औषधाचं नाव हवं होतं. ते इस्पितळातच मिळतं. कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हातपाय हलू द्यायचा नाही, वेळ लिहायची, अंगठ्या-बांगड्या सूज येण्याआधी काढायच्या आणि निघायचं. माझ्या पाटल्या साबण लावूनही निघेनात; त्या आता घरीच राहतात.

प्रत्यक्षात वेळ आली ती रेडिएटरची. खावड्याहून धोलावीऱ्याकडे जाताना तीसेक किलोमीटर रस्ता पांढऱ्या रणातून जातो, तिथे इंजिन तापलं. मी नको नको म्हणेपर्यंत भावजींनी फडकं धरून झाकण फिरवलं. मनगटापासून कोपरापर्यंत वाफ. आधी घड्याळ काढलं. मग हाताखाली टब धरून जारमधलं पाणी सोडत राहिले. पाणी उन्हाने कोमटच, पण भाजलेल्या हातापेक्षा गार. वीस लिटर, माणसं चार. म्हणून टबात साठलेलं तांब्याने पुन्हा वर.

"वहिनी, बस झालं आता."

"अजून बारा मिनिटं, भावजी."

वीस मिनिटं किती लांब असतात ते तेव्हा कळलं. एक ट्रकवाला थांबला आणि "बेन, टूथपेस्ट लगावी दो" म्हणत स्वतःची ट्यूब घेऊन आला. त्याला तांब्या धरायला दिला. नंतर थेपले गुंडाळायच्या पारदर्शक रोलच्या पट्ट्या हातावर सैलशा ठेवल्या, गुंडाळल्या नाहीत. पेटी उघडली ती फक्त दुखण्याच्या गोळीसाठी.

तोवर इंजिन गार झालं होतं. होसची क्लिप सैल निघाली, ट्रकवाल्याने ती आवळून दिली. प्यायचं पाणी मोडवेना, म्हणून टबातलंच रेडिएटरमध्ये ओतलं आणि भूजच्या डॉक्टरकडे गाडी वळवली.