हलू नकोस

शिबिराचा चौथा दिवस नेहमी वांधे करतो. पहिल्या दिवशी मुलं बुजलेली असतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जागा, माणसं, आवाज अंगवळणी पडायला लागतात आणि चौथ्या दिवशी सैलावतात ती मोठी माणसं. म्हणजे आम्ही. ज्या दिवसाबद्दल लिहितेय तो चौथाच होता.

मी विशेष शिक्षिका. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांसाठी आणि तरुणांसाठी तीन आठवड्यांचं शिबिर घेतो. त्या वर्षी १६ जण होते, वय ८ ते २२. सुट्टी लागली की इतर मुलांना मोकळं वाटतं, आमच्या मुलांची मात्र दिवसाची चौकटच निखळते. वर्षभर घोटून घोटून जमलेलं मागे पडतं, झोपेचं गणित बिघडतं, घरचे थकतात. म्हणून शिबिर. लहानांना खेळातून आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकवायचं, मोठ्यांना कामाचा सराव द्यायचा. डावीकडच्या ट्रेमधून वस्तू घ्यायच्या, मोजून पाकिटात भरायच्या आणि उजवीकडच्या ‘झालं’ लिहिलेल्या खोक्यात टाकायच्या. ही मांडणी आमची नव्हे, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉपलर यांनी उभ्या केलेल्या ‘टीच’ कार्यक्रमातली. काम किती आहे, संपणार कधी आणि संपल्यावर काय, हे ज्याला तोंडाने विचारता येत नाही त्याला उत्तर समोर टेबलावरच दिसतं.

त्या १६ जणांत एकजण १९ वर्षांचा होता. नाव सांगत नाही. उंच, शांत, पाकिटं भरण्यात आम्हा सगळ्यांपेक्षा चोख. लहान मुलं त्याला दादा म्हणायला लागली, मग आम्हीही. दादा बोलायचा, पण स्वतः जुळवलेली वाक्यं क्वचित. बहुतेक वाक्यं कुठेतरी ऐकलेली, जशीच्या तशी, मूळ माणसाच्या सुरासकट. रेल्वे स्थानकावरची उद्घोषणा, जुन्या शिक्षिकेचा ओरडा, पंख्याच्या जाहिरातीतली ओळ. आणि चालायचा चवड्यांवर, टाचा उचलून. स्वमग्न मुलांत ही चाल पुष्कळदा दिसते, त्यामुळे कुणी त्याकडे वळून पाहत नसे.

हे टाचांचं लक्षात ठेवा.

सकाळी पावणेदहाला गाणी घेणाऱ्या सरांचा फोन आला, येता येणार नाही. आमच्याकडे ठरलेल्या गोष्टीत बदल म्हणजे छोटं संकट. दिवसाचं चित्र-वेळापत्रक हॉलच्या दाराशी सॉफ्ट बोर्डवर लावलेलं असतं. एकेका तासाचं एकेक कार्ड, मागे वेल्क्रो. तास संपला की मुलं स्वतः कार्ड काढून खालच्या पाकिटात टाकतात. बदल असला की तोही दिसायला हवा, नुसतं सांगून भागत नाही. गाण्याचं कार्ड काढून मी कागदावर घाईघाईने बागेचं चित्र काढलं, वर लाल अक्षरांत ‘बदल’ लिहिलं. वेल्क्रोच्या पट्ट्या आत कपाटात होत्या. आणायचा कंटाळा केला आणि कागद चार ड्रॉइंग पिनांनी टोचून टाकला. बोर्डाच्या बरोबर खाली चपला-बुटांची मांडणी. हॉलमध्ये गाद्या असल्याने सगळे बूट बाहेर.

साडेदहाला सगळे बूट घालून बागेत गेले. दादा फाटकापर्यंत गेला आणि थांबला. मग मोठ्याने, एका दमात म्हणाला, “बाबा गाडी काढतायत, हलू नकोस.”

मी म्हटलं, “बाबा एक वाजता येणार, दादा. आत्ता बाग.”

“बाबा गाडी काढतायत, हलू नकोस.”

घरी जायचंय, एवढं तर स्पष्टच होतं. गाणी रद्द झाली, चिडलाय, बाबांची आठवण काढतोय. मी घड्याळाचं चित्र काढून दाखवलं, एकवर काटा. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. बागेत अर्धा तास तो त्या फाटकाशीच खांबासारखा उभा राहिला. आम्ही त्याला जागा दिली, बाकीच्यांना घेऊन खेळलो. मनात म्हटलं, ठीक आहे, बदल पचवायला वेळ लागतोय.

खरी गडबड परतल्यावर झाली. हॉलच्या दाराशी येऊन तो बूट काढेना. मी ‘आधी – मग’चं कार्ड पुढे धरलं : आधी बूट, मग पाकिटं. पाकिटं म्हणजे त्याचं सर्वांत आवडतं काम, एरवी या कार्डावर तो धावत येतो. आज नाही. थोडं थांबून दुसऱ्यांदा धरलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्याने मांडीवर थडाथड मारून घ्यायला सुरुवात केली, मग स्वतःचं मनगट चावलं. वाक्य चालूच, आता किंचाळून. दोन लहान मुलांनी कान झाकले, एक रडायला लागला.

याला आम्ही मेल्टडाउन म्हणतो. हट्टात समोरच्याकडून काही हवं असतं आणि ते मिळालं की हट्ट संपतो. इथे मिळवायचं काहीच नसतं, सहन होईनासं झालेलं असतं. अशा वेळी बोलणं कमी करायचं, गर्दी हटवायची, दिवे मंद करायचे आणि वाट पाहायची. हे सगळं आम्ही केलं, शिस्तीत केलं. बूट जबरदस्तीने काढायला कुणी गेलं नाही, एवढं एक पुण्य गाठीशी आहे.

आमच्याकडे एक स्वयंसेविका होती, कॉलेजातली, तिचा शिबिराचा पहिलाच आठवडा. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, “ताई, दादा आज एकच टाच उचलतोय. डावी टेकलीये.”

मी काय म्हणाले? “अगं, त्याची चालच तशी आहे.”

तो नेहमी दोन्ही टाचा उचलतो आणि आज एकच, हे तिने मला शब्दांत सांगितलं होतं. मला ऐकू आलं ते फक्त ‘टाच’. माझ्या डोक्यात दादाच्या टाचेपुढे उत्तर आधीच लिहिलेलं होतं. आपल्याकडे ज्याच्या निदानाचा शिक्का ठळक, त्याचं बाकीचं सगळं त्या शिक्क्याखाली जातं. मूल रात्री रडलं, स्वमग्नता. डोकं आपटलं, स्वमग्नता. नंतर कळतं की दाढ किडलीये, नाहीतर कान फुटलाय. पालकांना हे मी दरवर्षी सांगते, वागणं एकाएकी बदललं तर आधी दुखणं शोधा, मग बाकीचं. सांगणं निराळं.

थोडा शांत झाला तसा मी त्याच्या आईला फोन लावला, एवढ्याचसाठी की आज जरा लवकर न्याल का. सगळं सांगितलं, वाक्यही सांगितलं. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग त्या म्हणाल्या, “ताई, त्याला कुठे लागलंय का बघा.”

मग गोष्ट कळली. सहा वर्षांचा असताना तो घसरगुंडीवरून पडला, हाताचं हाड मोडलं. आई त्याचा हात मांडीवर धरून बसल्या होत्या, वडील गाडी काढायला धावले होते आणि त्या त्याला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, बाबा गाडी काढतायत, हलू नकोस. तेव्हापासून दात दुखला तरी हेच, ताप आला तरी हेच. “घरात सगळ्यांना माहितीये हो,” त्या म्हणाल्या, “म्हणून तुम्हाला सांगायचं सुचलंच नाही.”

फोन कानाला तसाच धरून मी दाराकडे बघितलं. बोर्डावरच्या माझ्या ‘बदल’ लिहिलेल्या कागदाचा खालचा एक कोपरा वळून वर आला होता. तिथे पिन नव्हती.

आणि मी तर स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात इकोलालियावर तासभर बोलते! ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं म्हणजे पोपटपंची नव्हे, हे माझं ठरलेलं वाक्य. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकात जागा दिली. १९४६ च्या लेखात त्यांनी त्यांच्यातल्या एका मुलाची गोष्ट सांगितली आहे. पाच वर्षांचा पॉल मध्येच म्हणायचा, ‘कुत्र्याला बाल्कनीतून टाकू नकोस.’ आजूबाजूला ना कुत्रा, ना बाल्कनी. चौकशी केल्यावर कळलं की तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा बाल्कनीतून खाली टाकत असे आणि आणून आणून वैतागलेली आई हे वाक्य म्हणाली होती. पुढे काहीही फेकावंसं वाटलं की पॉल या वाक्याने स्वतःलाच आवरायचा. पुष्कळ काळ असल्या बोलण्याला निरर्थक ठरवून ते बंद करण्यावरच भर होता. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुशान यांनी ऐकल्या ऐकल्या केलेल्या पुनरुक्तीची सात वेगवेगळी कामं दाखवली, आणि १९८४ मध्ये प्रिझंट आणि पॅट्रिक रायडेल यांनी उशिराने केलेल्या पुनरुक्तीची चौदा. हे सगळं माझ्या स्लाइडवर आहे. पॉलचा कुत्रा ऐकून स्वयंसेवक दरवर्षी हसतात.

त्यातही दादाच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग. आम्ही ‘बाबा’ आणि ‘गाडी’ यांनाच धरून बसलो. ‘हलू नकोस’ तो सकाळपासून पाळत होता. फाटकाशी खांबासारखा उभा राहिला ते त्यामुळे. आम्ही मात्र त्याला चला, या, काढा म्हणत होतो.

मी छोटा पांढरा फळा घेतला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसले. तीन चित्रं काढली, डावीकडून उजवीकडे : बूट काढलेला पाय, पायाकडे बघणारा डोळा, पुन्हा बूट घातलेला पाय. तिसरं चित्र महत्त्वाचं. काढलेलं परत मिळणार की नाही हे कळल्याशिवाय कोण काढू देईल? तोंडाने एवढंच म्हटलं, “लागलंय. बघूया.”

बराच वेळ तो फळ्याकडे बघत राहिला. मग माझ्या हातातलं मार्कर घेऊन पहिल्या चित्रातल्या पायाच्या टाचेवर एक ठिपका दिला. आणि उजवा पाय पुढे केला.

करड्या रंगाचा बूट, मोजाही करडा. मोजे त्याला करडेच लागतात. नाडी सोडून बूट ओढला तर मोजा तळव्याशी अडकल्यासारखा वाटला. मोज्याच्या टाचेवर पितळी चकती, शर्टाच्या बटणाएवढी, जणू तिथे मुद्दाम शिवलेली. भोवती रक्ताचा डाग, अगदीच लहान. ड्रॉइंग पिन पडते तेव्हा पुष्कळदा चकतीवर बसते, टोक वर करून. बुटात ती तशीच पडून राहिली असणार आणि त्याने पाय घालून फाटकापर्यंतची पावलं टाकली असणार. त्यानंतर टाच उचलून तासभर उभा.

पिन ओढताना त्याने आवाज केला नाही. स्वमग्न माणसांना दुखत नाही, असं अजूनही बोललं जातं. दुखतं. चेहऱ्यावर यायचं ते मनगटावर येतं, नाहीतर तेरा वर्षांपूर्वीच्या वाक्यात येतं, एवढाच फरक.

जखम धुतली, पट्टी बांधली आणि चित्रात कबूल केल्याप्रमाणे बूट परत घातला. बूट आत झटकून, त्याच्या डोळ्यांदेखत. तोवर वडील निघाले होते. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला न्यायचं ठरलं. ते येईपर्यंत आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो.

“बाबा गाडी काढतायत, हलू नकोस,” दादा म्हणाला. या वेळी हळू आवाजात.

“हो,” मी म्हटलं. “दुखतंय. बाबा गाडी घेऊन निघालेत.”

तो पुन्हा म्हणाला नाही. साडेदहापासून ते वाक्य थांबवायला आम्ही काय काय केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वडिलांची माफी मागितली, पिन माझ्या हातची होती हे सांगून. ते सभ्यपणे “असू दे” म्हणाले. माझं समाधान झालं नाही आणि व्हायचं कारणही नव्हतं. स्वयंसेविकेलाही सांगितलं, की तू बरोबर होतीस आणि मी ऐकलं नाही. ती इतकी अवघडली की मलाच विषय बदलावा लागला. ड्रॉइंग पिनांचा डबा केराच्या टोपलीत गेला. दादा मात्र बोर्डासमोर आला, आपले बूट उलटे केले, तीनदा आपटले आणि मगच पायात चढवले. आठवडाभरात निम्मी लहान मुलं तीन-तीनदा बूट आपटायला लागली. बागेत जायची वेळ झाली की दाराशी असा काही ठोकाठोकीचा गजर व्हायचा की आवाजाचा त्रास असणाऱ्या दोघांना आधी बाहेर काढायला लागायचं.

प्रवेशाच्या वेळी आम्ही पालकांकडून १२ पानांचा फॉर्म भरून घेतो. काय आवडतं, कशाची भीती, कुठला आवाज चालत नाही, कुठला कपडा टोचतो, राग आला की काय करतो. दुखलं की कसं सांगतो, हा प्रश्न त्यात नव्हता. इतकी वर्षं नव्हता. त्याच आठवड्यात एका कोऱ्या कागदावर तो एकच प्रश्न लिहून सगळ्या घरी पाठवला.

उत्तरं आली. एक मुलगी दुखलं की हसते. एक मुलगा दिव्याची बटणं चालू-बंद करत सुटतो. एकजण बहिणीचं नाव घेतो, पण बहिणीला बोलवायचं नसतं. एकाच्या आजीने लिहिलं होतं, जेवणाचं ताट सरकवतो, म्हणजे दात. एकजण एकदम शहाण्यासारखा वागायला लागतो, सगळं ऐकतो. ते वाचून मला घामच फुटला, कारण आदल्याच दिवशी आम्ही त्याच्या वहीत ‘आज छान सहकार्य’ असा शेरा मारला होता.

आठ वर्षांच्या, अजिबात न बोलणाऱ्या एका मुलाचा कागद कोरा परत आला. लिहायचं राहिलं असेल म्हणून फोन केला. त्याची आई म्हणाली, “राहिलं नाही हो. आम्हालाच कळत नाही.”

त्याच्या कार्डावर मग आम्ही लिहिलं : आल्यावर एकदा, जाताना एकदा – पाय, हात, कान, तोंड बघणे. आणि खाली, बघणाऱ्याची सही.