शहर जळले की जाळले?

जर्मनीतल्या ड्रेस्डेनला येऊन मला चार वर्षे झाली. दर १३ फेब्रुवारीला रात्री पावणेदहाच्या सुमारास इथल्या चर्चच्या घंटा एकाच वेळी वाजू लागतात, कारण दुसऱ्या महायुद्धात, १९४५ साली, त्याच सुमारास दोस्त राष्ट्रांच्या (ब्रिटन, अमेरिका) हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला होता. दुसऱ्या दिवशी इंदूरला काकांना फोनवर हे सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, “तिथल्या वर्तमानपत्रात काय छापतात गं? शहर जळलं, की शहर जाळलं?”

काकांनी आयुष्यभर शाळेत व्याकरण शिकवले. रामबागेतल्या आमच्या घरी, राहुल बारपुते संपादक होते त्या काळापासून, ते ‘नईदुनिया’ हे हिंदी दैनिक हातात पेन्सिल घेऊनच वाचत आले आहेत आणि युद्धाच्या बातमीत आधी कर्ता शोधतात. त्यांच्या प्रश्नामुळे मी त्या काळच्या बातम्यांची माहिती शोधू लागले.

नाझींच्या प्रचारात कर्ता अगदी ठळक होता; फसवणूक आकड्यात होती. पोलिसांच्या नोंदीत त्या वेळेपर्यंत २०,२०४ मृतदेह होते. प्रचारासाठी त्याला एक शून्य जोडून २,०२,०४० केले गेले. इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये मृतांची संख्या जास्तीत जास्त २५,००० ठरवली, तरी ते शून्य अजून पुरते पुसले गेलेले नाही. पंचवीस हजार माणसे कमी वाटावीत, हेच मला त्या शून्याचे सर्वांत मोठे पाप वाटते. ब्रिटनमध्ये कात्री दुसरीकडे चालली. दोस्त राष्ट्रांनी लोकवस्तीवर दहशतीसाठी बॉम्बफेक करण्याचे ठरवले आहे, अशा आशयाची असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेची बातमी अमेरिकेत छापून आली. ब्रिटिश सेन्सॉरने मात्र ती आपल्या वाचकांपर्यंत पोहोचू दिली नाही. हल्ला झाला हे सर्वांना ठाऊक होते, हेतू तेवढा झाकला गेला.

काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “आणि मेलेल्यांना काय म्हणतात, तेही बघ.” त्यांचा रोख माय लाईकडे होता. १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकन सैनिकांनी व्हिएतनाममधल्या त्या खेड्यात म्हातारे, बाया आणि पोरे मारली. अमेरिकन लष्कराच्या मोजणीनुसार ३४७, व्हिएतनामच्या नोंदीनुसार ५०४. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लष्करी निवेदनाच्या आधारे १२८ शत्रुसैनिक ठार झाल्याचे छापले. त्या वाक्यात कर्ता होता, क्रियापदही खरे होते, पण मारली गेलेली पोरे कागदावर सैनिक झाली होती. पत्रकार सीमोर हर्श यांनी नोव्हेंबर १९६९ मध्ये प्रकरण उघडकीला आणेपर्यंत आणि क्लीव्हलँडच्या ‘प्लेन डीलर’ने मृतांची छायाचित्रे छापेपर्यंत वीस महिने गेले होते. तरीही हे काम अमेरिकन पत्रकारांनीच केले, आणि त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

आपल्याच बाजूचा कर्ता लिहिणे सर्वांत कठीण. काकांच्या पत्र्याच्या पेटीत १९७१ ची कात्रणे आहेत आणि त्यांत त्यांना सर्वांत मोलाचे वाटते ते अँथनी मस्करेन्हस यांच्याविषयीचे. बेळगावात जन्मलेले मस्करेन्हस कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’मध्ये काम करत होते. पाकिस्तानी लष्कराने पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आताच्या बांगलादेशात, नेलेल्या आठ पत्रकारांपैकी सात जणांनी लष्कराला हवे तसे लिहिले. मस्करेन्हस यांनी आधी बायकामुलांना देशाबाहेर काढले, आणि १३ जून १९७१ रोजी लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये त्यांचा वृत्तान्त एकाच शब्दाच्या मथळ्याखाली आला: वंशसंहार. स्वतःच्या देशाच्या सैन्याविषयी त्यांनी तो लिहिला होता.

काकांनी आता माझ्याकडून इथल्या स्थानिक वर्तमानपत्रातील १४ फेब्रुवारीचे पान मागवले आहे. जर्मन त्यांना येत नाही, म्हणून प्रत्येक क्रियापदाखाली मी मराठी शब्द लिहीत आहे. तिसऱ्या ओळीतच असे एक क्रियापद आले आहे, ज्याचा अर्थ जर्मनमध्ये जळले असाही होतो आणि जाळले असाही. त्या जागी मी दोन्ही शब्द लिहून ठेवले आहेत.