कोरियन लोकांना 'वेअर' एवढं का छळतं

मी ऑनलाइन इंग्लिश शिकवते, विद्यार्थी बहुतेक कोरियन, आणि त्यांच्या हातून हमखास वाट लागते ती 'वेअर'ची, म्हणजे अंगावर काही घालण्याच्या wear ची.

कोरियनमध्ये शरीराच्या कुठल्या भागावर काय चढवताय त्यावर क्रियापद ठरतं. शर्ट-पँटला इप्ता, बूट-मोज्यांना शिन्ता, टोपीला स्सुदा, अंगठीला क्कीदा, घड्याळाला छादा. सूनजा चॉय आणि मेलिसा बोवरमन या दोन भाषा-संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवलं होतं की तिथली दोन वर्षांच्या आतली पोरंसुद्धा डोकं, धड, पाय यांची क्रियापदं वेगवेगळी वापरतात. आपल्याला यात नवल नाही म्हणा, आपणही साडी नेसतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो, आणि कुणी 'साडी घातली' म्हणालं की घरातलं एखादं मोठं माणूस अजून टोकतंच.

तर एवढ्या सगळ्याला एकच 'वेअर' म्हटल्यावर ही मंडळी खूश होतात, पाठांतर वाचलं. फक्त छत्री डोक्यावर घेतली तरी स्सुदाच, त्यामुळे एखादा बिनधास्त छत्रीपण 'वेअर' करतो.

खरी गोची पुढेच आहे. 'इप्को इस्सोयो' म्हणजे घालतोय, आणि घातलंय पण! बाकीचं बोलण्याच्या ओघात कळतं. मग बूट चढवता चढवता माणूस फोनवर सांगतो 'आय ॲम वेअरिंग माय शूज', पलीकडच्याला वाटतं बूट आहेतच की पायात, मग निघत का नाहीये हा? इथे 'पुटिंग ऑन' हवं. मराठीत 'घालतोय' आणि 'घातलेत' म्हटलं की विषय संपतो पण कोरियन माणसाला मराठीतून काय सांगणार, कप्पाळ. म्हणून मी कॅमेऱ्यासमोर जॅकेटच घेते, एक हात बाहीत अडकलेला असताना थांबते, हे 'पुटिंग ऑन', मग चेन लावून हात खाली सोडते, आता 'वेअरिंग'. नियम सांगण्यापेक्षा हे पटकन डोक्यात बसतं, आणि पुढच्या तासाला तेच स्वतःचे हूडी घेऊन करून दाखवतात.

परवा एकीने विचारलं, परफ्यूमला 'वेअर' कसं काय, आम्ही तर तो शिंपडतो. म्हटलं बाई, आमच्याकडे तर सेंट मारतात.