हॉर्न

कालपासून तो हॉर्न डोक्यातून जात नाहीये.

चिनूने 'सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेचा १९९२ चा एक भाग लावला. म्हणाला, "आई, तुझं नाटक आहे यात." टेनेसी विल्यम्सचं 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर', तेंडुलकरांनी 'वासनाचक्र' म्हणून मराठीत आणलेलं. मालिकेतली मार्ज गावातल्या हौशी मंडळींत नायिका ब्लांशचं काम करते, शेजारचा सालस फ्लँडर्स तिला छळणाऱ्या मेव्हण्याचं, स्टॅन्लीचं. फुटकी बाटली घेऊन त्याच्या अंगावर धावून जायचं असतं, पण तिला रागच येत नाही. तेवढ्यात बाहेर तिचा नवरा होमर गाडीचा हॉर्न वाजवायला लागतो. थांबतच नाही. मार्जचा चेहरा बदलतो, आणि बाटली खरोखरच चालते.

चिनू खो खो हसला. मला हसू येईना.

परळच्या शाळेत, बाकं भिंतीला सरकवून आमची तालीम चालायची. नेमका शेवटचा प्रवेश आला की खालून स्कूटरचा हॉर्न. आधी तुटक, मग लांबलचक. ब्लांशला वेड्यांच्या इस्पितळात न्यायला डॉक्टर आलेत, ती त्यांचा हात धरते आणि म्हणते, आजवर मी परक्यांच्या चांगुलपणावरच विसंबत आले. मी त्या वाक्याशी पोचायचे आणि हॉर्न. वर्गात कुणी काही बोलायचं नाही. मी पर्स उचलायचे. ते पर्स उचलणं अजून सलतं. नंतर घरी जे व्हायचं, ते जाऊ दे.

भागात त्याच वाक्याचं गाणं केलंय. १९४७ च्या नाटकातलं सगळ्यात एकाकी वाक्य, आणि सगळे मिळून हसऱ्या चेहऱ्याने गातायत. मला ते लागलं. पण रात्री झोप लागेना ती गाण्यामुळे नव्हे. हॉर्नमुळेच.

किती वर्षं गेली. नंतर काम केलंच नाही मी. केलं असतं तर, वगैरे.

पण शेवट मनातून जात नाही. होमर आधी कंटाळून चुळबुळत असतो, शेवटी मात्र मान खाली घालून बसलेला. मार्जला वाटतं, कंटाळलाच असणार. तो म्हणतो, वाईट वाटलं त्या बाईचं. त्या माणसाने तिच्याशी नीट वागायला हवं होतं. त्या माणसात त्याला स्वतःच दिसलेला असतो.

हेही आले होते आमच्या प्रयोगाला. परतताना स्कूटरवर वडाळ्यापर्यंत एक शब्द नाही. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. ते गप्प बसणं कसलं होतं, हे मला आजही ठाऊक नाही.

आणि एक आहे. रात्री साडेदहाला, पाळी करून, न जेवता हा माणूस परळला यायचा. मला एकटीला लोकलने येऊ द्यायचं नाही म्हणून. हॉर्नमागे तेही होतं. त्याने माझं वाक्य तुटायचं थांबलं नाही, पण होतं.

रविवारी मॅच नाही. भाग त्यांना दाखवणार आहे. चिनूला म्हटलंय, पुढे ढकलू नकोस, पूर्ण लाव.