पुढे-मागे

दुपारी वीज गेली, पंखा थांबला आणि पडद्याच्या फटीतून आलेल्या तिरिपेत धूळ दिसायला लागली. केरवारे सकाळीच झालेले होते. मी मुळात धूळ झटकण्याच्या विरुद्ध आहे. झटकली की ती उठते, तासभर तरंगते आणि पुन्हा त्याच कपाटावर येऊन बसते. यावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि माझ्या पक्षात मी एकटाच.

आजोळी कोकणात माजघरात झोपाळा होता आणि वर छपरात एक काचेचं कौल. त्यातून उन्हाचा खांब तिरका उतरायचा, नेमका झोपाळ्याच्या वाटेत. आम्ही झोका घेतला की खांबातली धूळ आमच्याबरोबर पुढे, आमच्याबरोबर मागे. स्वयंपाकघरातून आलेला चुलीचा धूर तर अगदी इमानानं डुलायचा. भाताचा कोंडा मात्र या नादाला लागत नसे, तो गुमान खाली यायचा. मामी ओरडायची, "अरे, कड्या तुटतील!" आम्ही आणखी जोर लावायचो.

हवेनं दिशा बदलली की कणाला सावरायला जरा वेळ लागतो. दहा मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, पाण्याचा थेंब सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतच हवेशी जुळवून घेतो. थेंबाचा व्यास दहापट केला की त्याचा आळस जवळजवळ शंभरपट होतो. झोपाळ्याच्या संथ लयीत हा उशीर कुणाच्या लक्षातही येत नाही. आवाजाने हवा हलायला लागली की मात्र बारीक कुठला आणि जाडा कुठला, ते लगेच कळतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत कुंटची नळी होती. आडवी काचेची नळी, आत लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची पिवळसर पूड, तोंडाशी मधोमध आवळलेला पितळी दांडा. राळ लावलेल्या फडक्यानं तो ओढायचा. नीट जमलं तर दांडा असा किंचाळायचा की शेजारच्या टेबलावरचे दचकायचे, आणि त्याच क्षणी नळीतली पूड शहारून उठायची, सरकायची आणि ठरावीक अंतरावर ढीग करून बसायची. मीटरभर दांडा असेल तर दोन ढिगांत साधारण 10 सेंटिमीटर. ऑगस्ट कुंट या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं हे 1866 मध्ये दाखवलं. आम्ही अंतर मोजायचो, ध्वनीचा वेग काढायचो, जर्नलवर सही घ्यायचो आणि कँटीन गाठायचो.

हवा जेवढी पुढे जाते तेवढीच मागे येते, तीही सेकंदात हजाराहून जास्त वेळा. मग पूड जागची हलतेच कशी, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. त्या नळीत हवेचे संथ भोवरेही फिरत असतात. ते का फिरतात, याचं गणित लॉर्ड रॅली या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानं 1884 मध्ये मांडलं. नळीच्या भिंतीलगत हवा घासते, आणि जाण्या-येण्याचा हिशोब पुरता फिटत नाही. थोडी बाकी राहते आणि तीच फिरत राहते.

श्वासही पुढे-मागेच. छातीत गेलेले जाडे कण वाटेतच कुठेतरी आपटून चिकटतात. अगदी सूक्ष्म असतात ते थरथरत भिंतीला लागतात. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे कण ना नीट आपटत, ना फारसे थरथरत. त्यांतले बरेचसे उच्छ्वासाबरोबर जसे गेले तसे बाहेर येतात. लाकडाच्या धुरात याच मापाचे आणि याहून बारीक कण फार. बरेचसे बाहेर येतात, सगळे नाहीत. मामी पहाटेपासून चुलीशी असायची, तीसुद्धा लग्न होऊन आली तेव्हापासून.

शेवटी शेवटी तिला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून विचारलं, "मावशी, बिडी ओढता का?" मामा घाईघाईनं म्हणाला, "छे हो, आमच्या घरात कुणीच नाही." डॉक्टरांनी मान डोलावली आणि औषधं लिहून दिली. चुलीचं त्यांनी विचारलं नाही, आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही.